मोठ्या बाईंचे मिस्टर

शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मुलं म्हणत, शिपाई म्हणत, पालक म्हणत आणि पुढे पुढे बँकेतला कॅशियर अन् कोपऱ्यावरचा फळवालाही म्हणू लागला. मुख्याध्यापिका होऊन इतकी वर्षं झाली होती की त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. त्यांच्या नवऱ्याला साहजिकच सगळे 'मोठ्या बाईंचे मिस्टर' म्हणत. मिस्टर बल्बच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. जाळीच्या खिडकीमागे बसून लोकांना हातमोजे, स्क्रू, तारेची भेंडोळी काढून द्यायची आणि सही घ्यायची, हे त्यांचं काम. ते बाईंच्या दोन वर्षं आधीच निवृत्त झाले आणि झाले हे फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घरात एक पद्धत होती, बाईंनीच पाडलेली. वर्षाच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि जेवण झालं की एकेकानं सांगायचं: गेल्या वर्षी काय ठरवलं होतं, त्यातलं काय झालं आणि येत्या वर्षी काय करणार. लेकीला लहानपणी या जेवणाचा धाक वाटे, लग्नानंतर जावयाला वाटू लागला. जावई बिचारा आदल्या दिवशी बायकोला विचारायचा, "मी गेल्या वर्षी काय म्हणालो होतो गं?" बाईंचं मात्र सगळं ठरल्याप्रमाणे झालेलं असे. आणखी एक पदवी घेईन म्हणाल्या, घेतली. शाळेला प्रयोगशाळा आणीन म्हणाल्या, आणली. मिस्टरांची पाळी शेवटी यायची. ते हात धुवायला उठता उठता म्हणायचे, "माझं काय, चाललंय ते चालू दे." यावर सगळे हसायचे, तेही हसायचे.

निवृत्तीच्या आधीच्या जेवणात बाई म्हणाल्या, "येत्या वर्षी मी पोहायला शिकणार."

लेकीनं टाळ्या वाजवल्या. तिला ठाऊक होतं, आईच्या मनात हे फार जुनं होतं. बाईंचे तिघे भाऊ लहानपणी नदीत उड्या मारायचे आणि बाई काठावर त्यांच्या शर्टांवर दगड ठेवून बसायच्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. मुलीनं पाण्यात उतरायचं नाही, असं आजोबांनी सांगितलेलं. ते तिघे पाण्यातून काय काय ओरडायचे, ते काठावर नीट ऐकूही यायचं नाही. ही गोष्ट बाई नेहमी हसत सांगत, पण सांगताना त्यांची हनुवटी जरा वर जाई.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंनी पोहण्याचा पोशाख, टोपी आणि चष्मा आणला. तलावावर जाताना मिस्टरांना बरोबर घेतलं, ते पिशवी धरायला. तिथला कारकून म्हणाला, "दोघांनी नाव घातलं तर फी कमी पडते, काका." बाईंनी मिस्टरांकडे न बघताच म्हटलं, "घाला दोघांचं." फॉर्मवर फोन नंबर बाईंचाच लिहिला गेला, कारण घरातल्या सगळ्या फॉर्मांवर तोच असे.

पहिल्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून जी कोच समोर आली, ती बाईंची जुनी विद्यार्थिनी निघाली. शाळेत ही मुलगी वर्गापेक्षा मैदानावर जास्त असायची आणि त्यासाठी बाईंनी तिला ऑफिसबाहेर उभंही केलं होतं. ते दोघींनाही आठवलं. कोच हसली. "बाई, आता तुम्ही माझ्या वर्गात!"

"हो, पण माझी हजेरी नीट घ्यायची," बाई म्हणाल्या, आणि आवाज नेहमीचा, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा निघाला.

पाण्यात उतरल्यावर मात्र त्यांच्या हातानं कडेचा दांडा जो पकडला तो सुटेना. पाणी छातीएवढंच होतं, तळाला पाय टेकत होते, सगळं समजत होतं. पण कोच म्हणाली, "तोंड पाण्यात घाला, बाई, आणि फू करा," की बाईंचं अंग लाकडासारखं व्हायचं. "मी आधी बघते, मग करते," त्या म्हणाल्या. शेजारी मिस्टर उभे होते, पिवळ्या टोपीत त्यांचं डोकं आणखीनच लहान दिसत होतं. कोचनं त्यांना तेच सांगितलं. मिस्टरांनी तोंड पाण्यात घातलं, पाय आपोआप वर आले आणि ते पाण्यावर पसरले, अंथरुणावर पसरावं तसे. कोच बघतच राहिली.

"काका, आधी पोहलायत तुम्ही?"

"नाही हो," मिस्टर नाकातलं पाणी शिंकरत म्हणाले, "मी बादलीच्या पलीकडे कधी गेलो नाही."

सगळे हसले. बाईही हसल्या. दांडा त्यांच्या हातात होताच.

पुढच्या काही आठवड्यांत असं झालं की मिस्टर एका कडेपासून दुसऱ्या कडेला जाऊ लागले आणि बाई दांड्यापासून हातभर लांब. त्या मेहनतीत कमी पडत नव्हत्या. घरी त्या पलंगावर पालथ्या पडून पायांचा सराव करत, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातली चित्रं बघून हात फिरवत. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, मान किती वळवायची, हे त्या कुणालाही शिकवू शकल्या असत्या. मिस्टरांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. कोच त्यांना म्हणे, "कोपर उचला, काका," आणि ते कोपर उचलत. जन्मभर जाळीपलीकडून जे मागतील ते काढून देणारा माणूस, पाण्यानं मागितलं तेही त्यांनी तसंच दिलं. बाईंना हेच सहन होईना. इतक्या सहजपणे? काही न मागता, काही न वाचता?

एकदा कोचच्या आग्रहानं पाण्याच्या मध्यावर गेल्यावर बाईंचा पाय टेकेनासा झाला. त्यांनी हातपाय झाडले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि कोचनं त्यांना दंडाला धरून कडेला ओढलं. बाकावर बसलेल्या पालकांत त्यांच्या शाळेतले चारजण तरी होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्या खोकत असताना एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "कोण गं त्या?" आणि शेजारीण म्हणाली, "त्या ना, त्या पिवळ्या टोपीवाल्या काकांच्या मिसेस."

घरी आल्यावर बाईंनी जाहीर केलं, "माझा गुडघा दुखतो. मी थांबते काही दिवस."

मिस्टरांनी टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून विचारलं, "मग मीही थांबू का?"

"छे! तुम्ही जा की. तुम्ही कशाला थांबता?"

अडतीस वर्षांच्या संसारात 'तुम्ही जा की' याचा अर्थ 'जाऊ नका' असाच होत आला होता, आणि मिस्टरांना तो नेहमी बरोबर कळत आला होता. या वेळी ते म्हणाले, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

त्यानंतरचे महिने बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. मिस्टर पहाटे उठून गुणगुणत निघून जात. ते गुणगुणतात हे बाईंना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. परत येत तेव्हा त्यांच्या अंगाला तलावातल्या औषधाचा वास येई, डोळे लाल, चेहरा उजळलेला, आणि भूक तर अशी की बाई चपात्या लाटता लाटता थकत. त्यांच्या पँटी कमरेला सैल झाल्या, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. फळवाला म्हणाला, "काका, दहा वर्षांनी लहान दिसताय!" आणि बाईंकडे वळून म्हणाला, "काकूंना दमवत असणार!" बाईंनी त्या दिवशी फळं घेतली नाहीत.

मिस्टर आता जेवताना बोलू लागले होते. आधी या घरात जेवताना बाई बोलत आणि मिस्टर ऐकत. आता ते सांगत, "आज मी तीन हात मारून मग एकदा श्वास मारला."

"श्वास घेतात," बाई म्हणत. "मारतात काय? माशी आहे का ती?"

"बरं, घेतला," मिस्टर म्हणत आणि पुढे सांगत राहत. हे सर्वांत वाईट होतं. त्यांना टोचलेलं कळतच नव्हतं.

त्यांचा ओला टॉवेल पुढच्या गॅलरीत वाळत पडे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. बाई तो उचलून मागच्या बाजूला टाकत. देवाशपथ सांगायचं तर बाई रोज सकाळी मनातल्या मनात एकच मागत, यांना सर्दी होऊ दे. आणि एकदा ती झाली. चांगली कडक, तापासकट. बाईंनी इतक्या मनापासून सेवा केली की लेक फोनवर म्हणाली, "आई, तुझा आवाज किती छान वाटतोय आज." काढा झाला, वाफ झाली, पायाला तेल झालं. मिस्टर चादरीत गुरफटून पडलेले, तलाव तिकडे लांब, आणि घरात पुन्हा पहिल्यासारखी शांतता. सर्दी बरी झाली त्या सकाळी मिस्टर टोपी शोधू लागले आणि बाईंना दिवसभर कशातच गोडी वाटेना.

त्या स्वतःशी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. आपल्याला काय झालंय हे त्यांना पक्कं कळत होतं. शाळेत एखादी मुलगी मैत्रिणीला बक्षीस मिळालं म्हणून रडत ऑफिसात आली की त्या तिला समोर बसवून समजावत. काय समजावत होतो आपण, हे त्यांनी आठवून पाहिलं. एक शब्द कामाचा निघाला नाही.

आणि वर्षाचा शेवटचा रविवार आला.

लेक आणि जावई सकाळीच आले. जेवण झालं, ताटं उचलली गेली, खुर्च्या ओढून सगळे बसले. जावई म्हणाला, वजन कमी करणार होतो, ते दोन किलोनं वाढलं. लेक म्हणाली, बढती मिळवणार होते, मिळाली नाही, पण साहेबांशी बोलायची भीती गेली. बाईंनी आपलं बोलणं तयार ठेवलं होतं. जुन्या शाळेच्या समितीवर आपण कसं काम केलं, घरातली पुस्तकं कशी लावली, गॅलरीत झाडं कशी वाढवली. त्या छान बोलल्या. पोहण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि कुणी काढूही नये अशा बेतानं त्या लगेच म्हणाल्या, "चला, मी सरबत आणते."

"थांब जरा," मिस्टर म्हणाले. "माझं राहिलं."

ते उभे राहिले. हात धुवायला नव्हे, बोलायला. "गेल्या वर्षी मी काही ठरवलं नव्हतं. पण मी पोहायला शिकलो. आणि पुढच्या रविवारी तलावावर ज्येष्ठांची शर्यत आहे, त्यात मी उतरतोय."

लेक किंचाळून उठली आणि तिनं बापाच्या गळ्यात हात टाकले. जावयानं टेबलावर थाप मारली. "बाबा! शर्यत? तुम्ही?" मिस्टरांचे कान लाल झाले होते. ते असे उभे होते की जणू त्यांच्या अंगावर कुणी शाल घातलीय आणि ती घसरू नये म्हणून ते जपताहेत.

मग लेक, काही वाईट मनात नसताना, बाईंकडे वळून म्हणाली, "पण आई, पोहणं तर तुझं होतं ना?"

"माझंच होतं," बाई म्हणाल्या. "यांनी नेलं."

त्या हसल्या, म्हणजे गंमत केली असं वाटावं. कुणालाच हसू आलं नाही. मिस्टर हळूच खाली बसले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तलाव सरावाला बंद होता. मिस्टर केस कापायला गेले होते तेव्हा बाईंचा फोन वाजला. कोच होती.

"बाई, काकांना एक निरोप द्याल? ज्येष्ठांची शर्यत अकराला होती ना, ती आता सकाळी दहाला घेतोय. मुलांची नंतर. साडेनऊला या म्हणावं."

"सांगते," बाई म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा खरंच सांगायचं त्यांच्या मनात होतं. मिस्टर आले, मानेवर बारीक केस चिकटलेले. "उद्या नाश्त्याला काहीतरी हलकंच कर," ते म्हणाले. "पोट जड नको. कोच म्हणते." ते 'कोच म्हणते' ऐकलं आणि बाईंच्या तोंडाला कुलूप लागलं. जेवताना सांगू म्हणाल्या. जेवताना मिस्टर पाण्याबद्दलच बोलत होते. चहाला सांगू म्हणाल्या. चहाच्या वेळी मिस्टरांनी टोपी आणि चष्मा खुर्चीवर मांडून ठेवला होता, पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलानं दप्तर मांडावं तसा. बाईंनी कप ठेवला आणि त्या झाडांना पाणी घालायला गेल्या. झाडांना सकाळीच पाणी घातलं होतं.

सकाळी त्या उठल्या तेव्हा अजून वेळ होता. त्यांनी हलका नाश्ता केला, हळूहळू केला. मिस्टरांनी दाढी केली, बूट पुसले. घड्याळ भिंतीवर सगळ्यांना दिसेल असंच होतं. दहा वाजून गेले तेव्हा बाईंना स्वतःची लाज वाटली, पण तिच्या तळाशी काहीतरी निवांतही झालं, हे त्यांना कळलं आणि त्यांनी पटकन नळ सोडून भांडी घासायला घेतली.

लेक आणि जावई तलावाच्या फाटकाशीच भेटले. आत गेले तर पाणी रिकामं, हलत असलेलं. कडेला चारपाच म्हातारे टॉवेल गुंडाळून उभे होते आणि एकाच्या गळ्यात पदक होतं. कोच पळत आली.

"काका! होतात कुठे? दहा मिनिटं थांबलो आम्ही तुमच्यासाठी. काल बाईंना सांगितलं होतं ना मी, दहाला आहे म्हणून!"

सगळे बाईंकडे बघू लागले. लेक बघू लागली. बाकावर जुन्या शाळेतले पालक होते, दोनतीन मोठी झालेली मुलं होती, तीही बघू लागली.

मिस्टर पिशवी हातात घेऊन उभे होते. ते बाईंकडे एकदाच बघून कोचला म्हणाले, "सांगितलं होतं हो तिनं. माझ्याच डोक्यातून गेलं. वय झालं."

"अहो काका!" कोच म्हणाली. "तुमचा नंबर आला असता!"

"पुढच्या वेळी," मिस्टर म्हणाले.

घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. नंतरही बोलले नाहीत. मिस्टरांचं न बोलणं हे काही नवीन नव्हतं, पण आजवर ते ऐकणारं न बोलणं होतं. हे वेगळं होतं. ते जेवत, ताट उचलत, गॅलरीत जाऊन बसत. तलावावरही गेले नाहीत. बाईंना वाटलं होतं, ते जायचे थांबले की बरं वाटेल. मिस्टर खुर्चीत बसलेले, पाय लांब करून, समोर बघत. या घरात असं बसलेलं माणूस बघून कुणाला बरं वाटेल?

आणि दुसरं एक होतं, ते बाईंना जास्त जाळत होतं. सगळ्यांसमोर त्यांनी आपल्याला वाचवलं. म्हणजे मोठेपणाही त्यांनीच नेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई मटार सोलायला बसल्या होत्या. मिस्टर पाणी प्यायला आत आले. बाई मान खाली घालूनच म्हणाल्या, "तुम्ही तिथं माझं झाकायला नको होतं."

"तुझं नाही झाकलं," मिस्टर म्हणाले. "तुझी शाळेतली पोरं होती तिथं. मला लाज वाटली. माझ्याच बायकोनं माझं असं केलं, हे मला लोकांना कळू द्यायचं नव्हतं."

बाईंचा हात थांबला. हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मिस्टर समोरच्या स्टुलावर बसले. "एवढं खुपलं?"

"हो," बाई म्हणाल्या. "खुपलं. माझं होतं ते. मी लहानपणापासून मनात ठेवलेलं. तुम्ही पिशवी धरायला आला होतात."

"हो ना. पिशवी धरायलाच आलो होतो."

"आणि तुम्हाला ते असं, फुकट, पहिल्याच दिवशी..." बाईंनी एक शेंग इतक्या जोरात दाबली की दाणे फरशीवर उडाले. दोघांपैकी कुणी उचलले नाहीत.

मग बाईंनी विचारलं, "तुम्हाला नाही कधी खुपलं? माझं?"

मिस्टर हसले, पण ते काही चांगलं हसू नव्हतं. "तू मोठी बाई झालीस, त्या सत्काराच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. एकानं येऊन सांगितलं, ही खुर्ची पाहुण्यांसाठी आहे, तुम्ही मागे जा. मी गेलो. मग घरी ते फुलांचे गुच्छ आले, आठदहा होते. तू म्हणालीस, एवढे पाण्यात ठेवा."

"आणि तुम्ही ठेवलेत. पण दुसऱ्या दिवशी सगळे मान टाकून. ऊन फार होतं त्या वर्षी."

"पाण्यात नाही ठेवले मी. गॅलरीत ठेवले, भर उन्हात. मुद्दाम."

"काय?"

"मुद्दाम ठेवले. बसून बघितलं, कसे सुकतात ते."

"अहो, ते गुलाब होते! संस्थेच्या अध्यक्षांनी दिलेले!" बाईंचा आवाज चढला. "आणि मी त्या फुलवाल्याला दुकानात जाऊन बोलून आले होते, शिळी फुलं देतोस म्हणून!"

"माहीत आहे मला. मी बाहेर उभा होतो ना, पिशवी धरून."

बाईंना राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्या रागाखाली काहीतरी हललं. इतकी वर्षं त्या समजत होत्या की या माणसाला काही नकोच आहे. चाललंय ते चालू दे, असं म्हणणारा माणूस. आणि तो तिकडे गॅलरीत उकिडवा बसून गुलाब जाळत होता.

"मग पुढे?" त्यांनी विचारलं. "गेलं कसं ते?"

"कुठे गेलं?" मिस्टर म्हणाले. "दोनतीन वर्षं फार होतं. तुझ्या मैत्रिणी घरी आल्या की मी उगाच फिरायला जायचो. मग सवय झाली. तू दमून यायचीस, पाय सुजलेले असायचे, ते दिसायला लागलं. पण गेलं असं नाही म्हणणार." ते उठले. "एक सांगतो. मी पोहणं सोडणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला शाबास म्हणालंय. तू सांगितलंस तरी सोडणार नाही."

सोडा, हा शब्द बाईंच्या जिभेवर येऊन बसला होता. त्यांनी तो गिळला. "मी कुठे काय म्हणाले?" त्या म्हणाल्या आणि फरशीवरचे दाणे वेचू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्टर तलावावर गेले. त्याच दिवशी दुपारी, मिस्टर झोपले असताना, बाई एकट्याच तिकडे गेल्या. कोच ऑफिसात डबा खात होती. मुख्याध्यापिकेला दारात बघून ती अर्धी उठली.

"बस, बस," बाई म्हणाल्या. "मी सांगायला आले. त्या दिवशी त्यांची चूक नव्हती. निरोप मी दिला नाही. विसरले म्हणून नाही. द्यायचा नव्हता म्हणून."

कोचनं घास तोंडातच ठेवला. मग ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, बाई. काका कधी काही विसरत नाहीत. माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण कुठे पडलंय हेसुद्धा त्यांना माहीत असतं."

बाई उभ्याच होत्या. जायला वळल्या आणि थांबल्या. "दुपारी असतो का वर्ग? नवशिक्यांचा?"

"असतो. पण बहुतेक लहान मुलं असतात."

"चालेल. त्यांची मला सवय आहे. फक्त यांच्या वेळेला नको. आणि यांना कळता कामा नये."

"एक अट आहे," कोच म्हणाली. "मी सांगेन तेव्हा दांडा सोडायचा. नाही सोडलात तर मी ओरडणार."

"ओरड," बाई म्हणाल्या.

ती ओरडली, पुष्कळदा ओरडली. बाईंच्या दोन्ही बाजूंना दुधाचे दात पडलेली मुलं होती आणि ती बाईंना सल्ले देत, "आज्जी, पोट ढिलं सोडा ना!" मुलांसमोर घाबरायची लाज वाटत नाही, हे बाईंना तिथे कळलं, तीही घाबरलेलीच असत. घरी त्या सांगत, समितीची मीटिंग आहे. केस वाळवूनच घरी येत. उन्हाळा जवळ आला तेव्हा एका दुपारी पाण्यानं त्यांना उचललं. काही केलं नव्हतं त्यांनी, फक्त जे करत होत्या ते थांबवलं होतं. कान पाण्याखाली, वर छताचे पत्रे, आणि आपल्याच श्वासाचा आवाज. मग नाकात पाणी गेलं आणि त्या खोकत उभ्या राहिल्या. पण ते झालं होतं. त्यानंतर त्या तलावाची रुंदी कशीबशी पार करू लागल्या, वाकड्यातिकड्या, मध्ये एकदा थांबून.

पावसाळ्याआधी ज्येष्ठांची पुन्हा शर्यत झाली. या वेळी वेळ बदलली नाही. बाई बाकावर लेकीशेजारी बसल्या. मिस्टरांनी पिवळी टोपी कानांवर ओढली, शिट्टी झाली आणि सातजण पाण्यात पडले. मिस्टर पहिल्या अर्ध्यात पुढे होते. लेक उभी राहून ओरडत होती. बाई टाळ्या वाजवत होत्या, अगदी मनापासून वाजवत होत्या, आणि तरी शेजारच्या रांगेतला टकला म्हातारा मिस्टरांच्या बरोबरीला आला तेव्हा त्यांच्या मनात हळूच आलं, जाऊ दे याला पुढे. त्या टाळ्या वाजवत राहिल्या. टकला पुढे गेला. मिस्टर तिसरे आले.

पदक गळ्यात घालून, टॉवेल खांद्यावर टाकून मिस्टर घरी निघाले. लेक आणि जावई पुढे गेले होते. रस्त्यात दोन ओळखीच्यांनी मिस्टरांना थांबवून अभिनंदन केलं. दोघांनीही बाईंकडे बघून हात जोडले आणि ते पुढे गेले.

"दुसरा आलो असतो," मिस्टर म्हणाले. "शेवटी कुठे गेलं कुणास ठाऊक."

"वळल्यावर तुमचा उजवा हात उशिरा येतो," बाई म्हणाल्या. "डाव्या बाजूला श्वास घेता, मग मान तिकडेच राहते. म्हणून."

"ते पुस्तकात आहे का?"

"पुस्तकात नाही. माझंही तसंच होतं."

मिस्टर चार पावलं चालले आणि थांबले. त्यांनी बाईंकडे नीट बघितलं, केसांकडे, हातांकडे, जणू जाळीपलीकडून काहीतरी भलतंच मागितलं गेलंय.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सांगणार नाही."

"कुठल्या वेळेला जातेस?"

"तेही नाही सांगणार. तुम्ही याल."

मिस्टरांनी पदक काढून पिशवीत टाकलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "लांबी पार होते?" त्यांनी विचारलं. आवाजात काळजी होती, पण तिच्याआड दुसरंही काहीतरी होतं, आणि ते बाईंनी लगेच ओळखलं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "पण होईल."

"हं," मिस्टर म्हणाले, आणि जरा भरभर चालू लागले.